काढून टाकलेला आवाज

मी उजवा. एका जोडीतला उजवा स्पीकर बोलतोय. डावा आता बोलत नाही. त्याचं काय झालं ते पुढे येईल. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचतात त्या जातीतला मला समजू नका. त्यांचं काम खिडक्यांची तावदानं हलवण्याचं. मी स्टुडिओतला, टेबलावर बसणारा. संगीत बनवणाऱ्याला त्यात काय चुकलंय ते दाखवायला आमची घडण होते. घरोघरचे स्पीकर गोड बोलतात. खर्ज जरा फुगवतात, वर जरा चमक लावतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय जमलंय. मला ते येत नाही. जे द्याल तेच मी परत देतो.

या स्वभावामुळे माझे लाड कुणी केले नाहीत. माझंही कुणावाचून अडलं नाही, एका डाव्याचं सोडलं तर.

कारखान्यात सगळ्यात खालच्या स्वरापासून सगळ्यात वरच्या स्वरापर्यंत एक लांब शीळ माझ्यातून सोडली गेली आणि माझी रेघ सरळ आली. डाव्याची रेघ माझ्या रेघेवर नेमकी बसली, म्हणून आम्हाला जोडीनं खोक्यात घातलं. दोघांतून एकच आवाज सारखा सोडला, की तो ना त्याच्यातून येतो ना माझ्यातून. तो आमच्या मधून येतो, जिथं काहीच ठेवलेलं नसतं तिथून. पहिल्यांदा ऐकणारी माणसं मधल्या मोकळ्या जागेकडे टक लावून बघतात. माणसांचं मला पटलेलं वागणं एवढंच.

आमचा पहिला मालक हिमांशू सर. उस्मानपुऱ्यात एका दुकानाच्या वर त्याचा क्लास होता. तीन महिन्यांत म्युझिक प्रोड्युसर व्हा, असा बोर्ड. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. त्यांनी आवाज अडत नव्हता, पण फोटो चांगले येत. सर एखादं बटण फिरवायचे आणि कुणी का म्हणून विचारलं, की म्हणायचे, फील आला पाहिजे. मुलंही तशीच. पहिल्याच दिवशी विचारायची, सर, ड्रॉप कधी शिकवणार? ड्रॉप म्हणजे आधी आवाज चढवत चढवत न्यायचा आणि मग एकदम सगळं कोसळवायचं, ती जागा. चढवण्यात कुणाला रस नव्हता. कोसळणं सगळ्यांना हवं होतं.

आवाज घडवणं तसं अवघड नसतं. एक साधी, रडकी लहर घ्यायची, चाळणीतून काढायची, ती किती वेगानं उठेल आणि किती रेंगाळेल ते ठरवायचं. ऐकत बसायला हवं, एवढंच. पण ऐकत बसायला कोण आलं होतं? तयार आवाज उचलायचे, त्यांना आपलं नाव द्यायचं, आणि मी जसाच्या तसा वाजवला की म्हणायचं, सर, या स्पीकरला बेसच नाही. बेस त्यांच्या गाण्यात नव्हता.

क्लास बंद पडला, आणि वर्गातल्या शंतनूनं आम्हा दोघांना घरी नेलं. त्या वर्गातला तो सगळ्यात वाईट विद्यार्थी, कारण तो मेहनती होता. आळशी माणूस निदान थोडक्यात चुकतो.

घर सिडकोत, एन-नऊला. शंतनू वाळूजला कंपनीत जायचा आणि संध्याकाळी आमच्यासमोर बसून व्हिडिओ बघायचा. ठोका कसा घडवावा, ठोक्याखालचा खर्ज कसा घडवावा, तो ठोक्याच्या आड कसा येऊ देऊ नये. परदेशातल्या खोल्यांतून पोरं त्याला सांगायची आणि तो मान डोलवायचा. हजारो ठोके त्यानं साठवले. पुरं झालेलं गाणं एकही नाही.

त्याची आई कालिंदीबाई. पहिल्याच दिवशी तिनं आम्हा दोघांवर भरतकामाचे रुमाल घातले. धूळ बसते म्हणाली. स्पीकरच्या तोंडावर फडकं! शंतनू रुमाल काढायचा, दुसऱ्या दिवशी ते परत हजर. एकदा तो नवं काही वाजवत असताना ती दारात भाजी निवडत उभी राहिली. बराच वेळ ऐकून म्हणाली, "हे सुरू कधी व्हायचं? का अजून तयारीच चाललीय?"

त्या क्लासातल्या तीन महिन्यांत इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मला ती बाई पटली. रुमाल मात्र पटला नाही.

मग शिवम आला. शंतनूचा मित्र. गच्चीवर कुणाचातरी वाढदिवस होता. "एकच दे ना भाई, दोन कशाला," म्हणून डाव्याला घेऊन गेला. चार माणसांच्या खोलीसाठी घडवलेल्याला त्यानं अख्खी गल्ली ऐकवायला लावली. परत आणला तेव्हा डाव्यातून जळका वास येत होता. शिवम म्हणाला, "पहिलेपासूनच लोचा असंल त्याच्यात." शंतनू दुरुस्त करून आणतो म्हणाला. डावा पलंगाखाली गेला तो तिथंच आहे.

त्याच वर्षी हिवाळ्यात कालिंदीबाई गेल्या. छातीत दुखतंय म्हणून खुर्चीत बसल्या, आणि रिक्षा दाराशी येईपर्यंत संपलं होतं. माझ्यावरचा रुमाल पुष्कळ दिवस कुणी काढला नाही. मीही तक्रार केली नाही.

घरात राहिले शंतनू आणि त्याचे वडील, व्यंकटराव. कचेरीतून निवृत्त झालेला, इस्त्रीचा शर्ट घालून घरात बसणारा माणूस. दोघंही एकमेकांना चहा विचारायचे, दुसरं काही विचारायचे नाहीत. शंतनूच्या फोनमध्ये आईचा एक आवाजी निरोप होता. तो त्यानं संगणकावर घेतला आणि ठरवलं की वर्षश्राद्धाला आईच्या आवाजावर एक संगीत करायचं. पुण्याच्या निशाआत्याला फोनवर सांगूनही टाकलं. काम सुरू व्हायच्या आधी जाहीर करायचं, ही त्या क्लासातच लागलेली सवय.

व्यंकटरावांनी बायकोचा आवाज ती गेल्यापासून ऐकला नव्हता. ते म्हणाले, "पुरं झालं की ऐकव. आधी तुकडे तुकडे नको. मला एकदाच ऐकायचंय. पण ती आली पाहिजे त्यात."

एवढंच मागणं होतं. त्यासाठी निरोप लावायचा आणि गप्प बसायचं. पण शिकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

निरोप असा होता. आमच्या भागात पाणी रोज येत नाही; येतं तेव्हा घरोघरी मोटरी लागतात. मागे मोटरीची घरघर, आणि कालिंदीबाई सांगतेय की पाणी आलंय, टाकी भरायलेय, येताना कोथिंबीर आण, पण कोपऱ्यावरच्याकडून नको, तो शिळी देतो. सांगून झाल्यावर फोनवरचा अंगठा काढायचा राहून गेला असावा. मग ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणते. सूर इकडेतिकडे. तेवढ्यात निरोप तुटतो.

शंतनूनं सफाईला सुरुवात केली. आधी मोटर काढली. मग टाकीच्या झाकणाचा आवाज. मग श्वास, एकेक करून. मग 'स' आणि 'श' टोचतात म्हणून त्यांची टोकं घासली. कोथिंबिरीचं बोलणं कापलं, कारण ते संगीतात बसत नव्हतं. उरलेली गुणगुण संगणकातल्या सुरात आणणाऱ्या यंत्रात घातली. आयुष्यभर जी बाई स्वतःच्या सुरात गुणगुणली, तिला पोरानं मेल्यावर सुरात आणलं. वर मोठ्या सभामंडपासारखा घुमारा लावला आणि खाली मऊ, लांबलचक सूर पसरले. अत्तरात बुडवलेला कापूस.

मी सगळं जसंच्या तसं त्याला ऐकवत होतो. तो ऐकतच नव्हता, बघत होता. पडद्यावरची लाट गुळगुळीत झाली की खूश व्हायचा. त्याचे कान डोळ्यांत गेले होते. अशा माणसापुढे खरं बोलणं म्हणजे भिंतीवरच्या अंड्याच्या ट्रेपुढे बोलणं.

वर्षश्राद्धाच्या आधीच्या रविवारी, सकाळी, व्यंकटराव खोलीत आले. दाढी केलेली, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. खुर्ची माझ्यासमोर ओढून बसले आणि म्हणाले, "लाव."

मी वाजवलं. ते शेवटपर्यंत हलले नाहीत. संपल्यावर त्यांनी विचारलं, "छान आहे. कोण आहेत या बाई?"

शंतनूनं पडद्यावरून मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. व्यंकटरावांना वाटलं, आपलं ऐकायचं चुकलं. ते अदबीनं म्हणाले, "म्हणजे ही सुरुवात असंल. हिचा आवाज पुढं येतो का?"

"आईच आहे बाबा ती."

मी पुष्कळ माणसांना त्यांची गाणी ऐकवली आहेत. आपल्या कामाची किंमत इतक्या सरळपणे कळताना मी कुणालाच पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता.

शंतनू घाईघाईनं समजावू लागला. मूळ आवाज किती खराब होता, किती मेहनत लागली. सफाईच्या त्या यंत्रात एक बटण असतं; ते दाबलं की ठेवलेला आवाज बंद होतो आणि फक्त काढून टाकलेला ऐकू येतो. काही कामाचं चुकून जात नाही ना हे तपासायला ते असतं. त्यानं ते आजवर दाबलं नव्हतं. आता वडिलांना पटवायला दाबलं. "हे बघा, एवढा कचरा होता त्यात."

आणि मी कचरा वाजवला.

मोटरीची घरघर आली. काकणं कशावरतरी आपटली. पत्र्याचं झाकण सरकलं. शब्द नव्हते, शब्दांच्या कडा होत्या, 'स'ची फुंकर होती, आणि दर थोड्या वेळानं एक श्वास.

व्यंकटराव पुढे झुकले. "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं.

"मोटर हवा धरायलीय," ते म्हणाले. "वरून तांब्यानं पाणी ओतावं लागतं तिला. ते बघ, ओतलं. आता झाकण ठेवलं." त्यांनी एक बोट वर केलं. "आणि हा श्वास. साधी कोथिंबीर सांगायची तरी आधी असा श्वास घ्यायची, भांडायला निघाल्यासारखा."

शंतनू मान खाली घालून बसला होता.

"हे काय म्हणून काढलंस रे?"

"कचरा होता, बाबा."

"ह्याच्यात आहे ती," व्यंकटराव म्हणाले. "त्याच्यात नव्हती."

शंतनूनं मग एकेक यंत्र बंद केलं. आधी घुमारा, मग सुरात आणणारं, मग घासणारं, मग सफाईचं. कापलेलं बोलणं परत जोडलं, आणि शेवटी उरला मूळ निरोप, कोथिंबिरीसकट. तो मी वाजवला. दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावर डाव्याची जागा रिकामी आहे. तिच्या आणि माझ्या मधे कुठंतरी बघत होते. एकट्या स्पीकरमधून मधे काही येत नाही. पण ते बघत होते.

वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर निशाआत्यानं सगळ्यांना खोलीत बोलावलं. शंतनूनं निरोप लावला, जसा होता तसा. मोटर, टाकी, कोथिंबीर, गुणगुण. संपला. माणसं एकमेकांकडे बघू लागली. निशाआत्या म्हणाली, "बरं, आता गाणं कधी सुरू व्हायचं?"

व्यंकटराव हसले. त्या वर्षात पहिल्यांदाच, आणि मोठ्यानं. हसता हसता उठून बाहेर गेले. लोकांना वाटलं, दुःखानं बिचाऱ्याचं डोकं फिरलं. लोकांना काहीही वाटतं.

पुढे शंतनूनं एक गाणं पुरं केलं. त्यातला खर्ज त्या मोटरीचा आहे. घरघर चाळून, खाली उतरवून त्यानं तो घडवला. काकणांचा आवाज तालात घातला. आईचा आवाज त्यात कुठंच नाही. गाणं वाईट नव्हतं. माझ्याकडून याहून जास्त कौतुक कुणाला मिळालेलं नाही. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना हेडफोन घेऊन गेला, मला ठेवून गेला. हेडफोन गोड बोलतात.

आता मी व्यंकटरावांकडे आहे. शंतनूनं त्यांना दोन बटणं शिकवून ठेवलीत: माझ्या पाठीवरचं, आणि निरोप सुरू करायचं. दुसरं ते क्वचितच दाबतात. पहिलं मात्र रोज सकाळी दाबतात, आणि मी नुसता चालू राहतो. चालू स्पीकरमधून काहीच वाजत नसताना एक बारीक सळसळ येत असते. ती माझी खोट आहे. कारखान्यात ती कमी करायला माणसं झटली, तरी थोडी उरलीच. इतरांच्या खोटी मी आयुष्यभर दाखवल्या. या एकीची मला लाज वाटत आली. शंतनू एकदा दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, बाबा, सळसळ करतोय तो, बंद करत जा. व्यंकटराव म्हणाले, "राहू दे. कुणीतरी आहे असं वाटतं."

पाणी येतं त्या दिवशी ते अंगणात मोटर लावतात, वरून तांब्यानं पाणी ओततात, आणि टाकी भरेपर्यंत माझ्यासमोर येऊन बसतात. मग पिशवी घेऊन कोथिंबीर आणायला जातात. कोपऱ्यावरच्याकडून नाही. पुढच्या चौकातून.

रुमाल त्यांनी परत माझ्यावर घातलाय. त्यामुळे वरचे सूर जातात, माझी सरळ रेघ वाकडी होते. असू दे. तुम्ही कधी या घरी आलात आणि रिकाम्या खोलीत मी सळसळताना ऐकू आलो, तर वीज वाया जातेय म्हणून मला बंद करू नका. ते कोथिंबीर आणायला गेलेत. येतीलच एवढ्यात.