घंटी वाजल्याशिवाय

माझं बीपी वाढलंय असं डेपोच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि ते ऐकून ते आणखी वाढलं. बाईंनी पुन्हा पट्टा बांधला, पुन्हा फुगवला. एकशे बहात्तर.

"तीन आठवडे देते," त्या म्हणाल्या. "एकशे चाळीसच्या खाली आणा. नाहीतर स्टिअरिंग सोडा आणि हरवलं-सापडलंच्या खिडकीत बसा."

बावीस वर्षं मी या शहरातल्या वाकड्यातल्या वाकड्या गल्लीतून बस काढली. कुणाच्या आरशाला ओरखडा नाही. आणि आता छत्र्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसू? शिवाय त्या खिडकीत आधीच एक माणूस बसलाय आणि तो आठ महिने माझ्याशी बोलत नाही. त्याचं पुढं सांगतो.

"मग करू काय मी?" मी खेकसलो.

"पहिलं म्हणजे हे खेकसणं बंद करा. मन मोकळं करा. गाणं म्हणा."

हे घरी जाऊन बायकोला सांगितलं, ही माझी चूक. तिच्या भावानं टायरच्या दुकानावर कराओकेची खोली थाटलीय आणि तिथं गिऱ्हाईक कमी, माश्या जास्त. मंगळवार माझ्या सुट्टीचा. मंगळवारी दुपारी मी मेव्हण्यासमोर माइक धरून उभा.

खोली म्हणजे काय, तर भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, एक टीव्ही आणि एक फाटका सोफा. मेव्हण्याचं म्हणणं, ट्रेमुळे आवाज बाहेर जात नाही. आत बसलेल्यांनी काय करायचं, ते त्यानं ठरवलेलं नव्हतं. बायकोनं बीपीचं मशीन पिशवीतून आणलं होतं. गाण्याआधी एकदा आणि गाण्यानंतर एकदा मोजायचं, असा तिचा बेत.

मेव्हण्यानं विरहाचं जुनं गाणं लावलं. बासरी झाली, तबला सुरू झाला, पडद्यावर शब्द आले, त्यांचा रंगही बदलायला लागला. मी गप्प.

"दाजी, म्हणा की!"

"म्हणतो ना, थांब."

कशासाठी थांबलोय ते मलाच कळेना. उजवा पाय मात्र फरशीवर घट्ट दाबलेला, ब्रेकवर ठेवल्यासारखा. पहिलं कडवं निघून गेलं. मग मी एकदम उडी घेतली, गाण्याचा पाठलाग केला, दुसऱ्या कडव्यात त्याला ओव्हरटेक केलं आणि दोन ओळी आधीच शेवटाला पोचून त्याची वाट बघत उभा राहिलो. मशीननं शंभरपैकी अकरा मार्क दिले. बायकोनं पट्टा बांधला. एकशे ऐंशी.

"ताई, गाण्यानं यांचं वाढतंय गं," मेव्हणा म्हणाला.

"गाण्यानं नाही, तुझ्या तोंडाकडं बघून वाढतंय," मी म्हणालो.

पुढच्या मंगळवारीही तोच तमाशा. गाणं सुरू, मी ढिम्म. बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही घंटीची वाट बघताय!"

च्यायला! अगदी खरं होतं. कंडक्टरनं दोनदा घंटी मारल्याशिवाय मी कधी गाडी जागची हलवली नव्हती. दोन म्हणजे निघा, एक म्हणजे थांबा. आता कंडक्टर नाही. दार बंद झालं की पिवळा दिवा लागतो, मी त्या दिव्याकडे बघून निघतो आणि दर स्टॉपला छातीत धस्स होतं.

बायकोनं लगेच ग्लासवर चमचा वाजवला. टिंग. मी उघडलेलं तोंड मिटलं.

"अगं, एकच मारलीस!"

मग तिनं रागानं सात-आठ मारल्या. इतक्या घंट्या म्हणजे दारात कुणीतरी अडकलंय. मी घाबरून मागं वळून बघितलं. बायकोनं चमचा आपटला. "मग बोलवा तुमच्या मास्तरांना!"

मास्तर म्हणजे माझा कंडक्टर, तोच तो खिडकीतला. एकोणीस वर्षं मी पुढं, तो मागं. त्याचं डोकं दुखतंय की घरी भांडण झालंय, ते मला घंटीवरून कळायचं. मग वरच्यांनी दारात तिकिटाचं मशीन बसवलं आणि आम्हा ड्रायव्हरांसमोर कागद ठेवला: 'एकट्याने गाडी चालवण्यास माझी हरकत नाही.' सगळ्यांनी सह्या केल्या. पण पहिली माझी होती, आणि मी मास्तरला बोललो नाही. त्याला ते नोटीस बोर्डावर वाचायला मिळालं, आणि त्याची रवानगी झाली त्या खिडकीत.

मी कुठल्या तोंडानं बोलावणार? एरवी माझी जीभ दांडपट्ट्यासारखी चालते, तिथं ती टाळ्याला चिकटते. शेवटी बायकोनंच फोन केला. शुक्रवारी तपासणी, आणि तिच्या आधीच्या मंगळवारी मास्तर दारात उभा.

"वहिनी, तुम्ही बोलावलंत म्हणून आलोय. सांगा यांना."

"त्याला म्हणावं, बस," मी बायकोला म्हणालो.

"अहो, दोघं चार फुटांवर उभे आहात!" मेव्हणा ओरडला आणि त्यानं गाणं लावून टाकलं.

बासरी झाली. मास्तरनं चमचा उचलला, सवयीनं एकदा मागं जिन्याकडे बघितलं, सगळे चढलेत ना म्हणून. मग वाजवलं. टिंग-टिंग.

मी सुटलो! बेसूर, पण वेळेवर. भिंतीवरचा एक ट्रे खाली पडला. टायरवाला धावत वर आला आणि तसाच परत गेला. मधल्या म्युझिकमध्ये मास्तर सवयीनं ओरडला, "पुढं सरका, पुढं सरका!" आणि मेव्हणा खरंच सरकला. दुसरं कडवं मास्तरनं घेतलं. तो माझ्याहून वाईट गातो, हे ऐकून जीव सुखावला.

बायकोनं पट्टा बांधला. एकशे पन्नास. "अजून दहा वर आहे," ती म्हणाली.

ते दहा कुठं अडकलेत ते मला माहीत होतं. मी माइक तोंडाशी धरला. तो हातात नसता तर धीर झाला नसता. "मास्तर, चुकलं माझं."

मेव्हण्यानं इको बंद केला नव्हता. माझं... माझं... माझं... असं खोलीभर घुमलं.

मास्तरनं ते संपेपर्यंत ऐकून घेतलं. "तू एकदाच म्हणालास ना? बाकीचं मशीनचं."

"हो."

"सही तर करावीच लागणार होती. मला विचारलं असतंस तर पेन मी दिलं असतं. विचारलं नाहीस रे."

मी रडलो. हो, रडलो, त्यात काय लपवायचं? मेव्हण्याला वाटलं पुढचं गाणं सुरू झालं, त्यानं आवाज वाढवला.

शुक्रवारी एकशे छत्तीस भरलं. डॉक्टरीणबाई खुश. "बघा, गाण्यानं काय होतं ते!" म्हणत त्यांनी फॉर्म पुढं सरकवला. खाली तीच ओळ छापलेली, एकट्याने गाडी चालवण्यास माझी हरकत नाही. मी 'नाही' खोडलं, वर 'आहे' लिहिलं आणि सही केली.

बाईंनी वाचलं. "अहो, यानं तुमची गाडी जाऊ शकते."

"ठाऊक आहे."

"मग मी काय लिहू? फिट की अनफिट?"

"फिट लिहा, बाई. खोट माझ्यात नाही, त्या कागदात आहे."