कलेजीच्या पुड्यातली गोष्ट

मी आर्डिस लिंडव्होल्डच्या तळघरातला डीप फ्रीझर बोलतोय. आडवा, पांढरा, पेटीसारखा. स्वतःच्याच तोंडाने सांगतो, अख्ख्या नॉर्थ डाकोटात माझ्याइतकं साहित्य कुणी पोटात घातलेलं नाही. ग्रंथालयांचं मला सांगू नका. तिथे हरणाचं मांस ठेवता येतं का?

मला आणलं आर्डिसच्या नवऱ्याने, लॉयडने. शिकारीत मिळालेलं हरीण आणि शेतातला मका हिवाळाभर टिकावा म्हणून. जिन्यावरून उतरवताना माझा एक कोपरा चेपला. लॉयड म्हणाला, चालल्याशी कारण, कोपऱ्याकडे कोण बघतंय. मला तो माणूस तेव्हाच आवडला.

आर्डिसला मात्र माझं झाकण आवडलं. लग्नाआधी ती शाळेत शिकवायची, लग्नानंतर गोष्टी लिहायला लागली. वर स्वयंपाकघरात मुलं, फोन आणि कॉफीला टपकणारे शेजारी. म्हणून वाटाणे काढायला जाते असं सांगून ती खाली यायची आणि माझ्या झाकणावर कागद पसरून उभ्याउभ्या पेन्सिलीने लिहायची. तिच्या गोष्टींत ना राजे, ना खून. जत्रेत विकतचा केक स्वतःच्या हातचा म्हणून मांडून बक्षीस मिळवणारी पास्टरची बायको, निवृत्तीनंतरही रोज सकाळी रिकामी स्कूलबस फिरवून आणणारा ड्रायव्हर, अशी आमचीच माणसं. न्यूयॉर्कची मासिकं त्या गोष्टी छापायची. आमच्या गावात ती मासिकं कुणी घेत नसे, त्यामुळे सगळं सुखात चाललं होतं.

एका हिवाळ्यात पलीकडच्या शेतावरचं घर जळालं. सगळ्याची राख झाली, फक्त त्यांच्या फ्रीझरमधलं मांस जसंच्या तसं निघालं. आमची जातच तशी आहे. त्या दिवसापासून आर्डिस लिहून झालेली गोष्ट खाटकाच्या कागदात गुंडाळून माझ्या तळाशी ठेवू लागली. पुड्यावर लिहायची, ‘कलेजी’. घरात कलेजीला कुणी हात लावत नसे. हुशारच बाई.

पण शेजारच्या डेला टॉर्केल्सनला कलेजी म्हणजे जीव की प्राण, हे आर्डिसच्या ध्यानात आलं नाही.

डेलाचा नवरा क्लिफर्ड वारला. आमच्याकडे अशा वेळी कुणी रिकाम्या हाताने जात नाही. आर्डिस चर्चमध्ये दफनानंतरच्या जेवणाच्या तयारीला गेली असताना लॉयड खाली आला. आपल्याकडे वाया जाणारी कलेजी त्या बिचारीला तरी द्यावी, अशा भल्या विचाराने त्याने तळाचा एक पुडा उचलला. मी घरघरलो, थरथरलो. त्याने मला एक थाप मारली आणि निघून गेला.

तो पुडा नेमका डेलाच्या गोष्टीचा होता. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी उच्चारत नव्हतं, की डेला आणि क्लिफर्ड जमिनीच्या एका भांडणावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. जे काय बोलायचं ते कुत्र्याला. “रस्टी, हिला सांग, कॉफी गार आहे.” “रस्टी, त्याला सांग, हात आहेत ना, गरम करून घे.” आर्डिसच्या गोष्टीत शेवटी कुत्रं मरतं आणि त्या घरातलं बोलणं कायमचं थांबतं. तिने लिहिलेल्यांत ती सगळ्यात उजवी गोष्ट. पण डेलाचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा आणि टाइप करून पाठवायचं धाडस व्हायचं नाही. प्रत तेवढी एकच होती.

जेवताना लॉयडने आपलं पुण्यकर्म सांगितलं, तशी आर्डिस धावत खाली आली. सगळे पुडे उपसले. मग माझ्या गार कडेवर हात टेकून उभी राहिली ती हात लाल होईपर्यंत. मैत्रीणही गेली आणि गोष्टही, असं पुटपुटली. मला फार वाईट वाटलं.

दफन झाल्यावर डेला आली ती थेट तळघरात. काखेत पुडा.

“मी कांदा परतून ठेवला होता, आर्डिस. आणि उघडून बघते तर हे.”

“दे इकडे,” आर्डिस म्हणाली. “वर शेगडी पेटलेली आहे. तुझ्यादेखत टाकते.”

“जाळायला माझ्या घरी शेगडी नाही का?” डेलाने ओलसर पानं माझ्या झाकणावर ठेवली. “कॉफीचं खरं आहे. मी मुद्दाम गार द्यायचे. शेवट तेवढा खोटा आहे.”

आर्डिसने शेवटचं पान वर काढलं.

“गेल्या वर्षी रस्टीला पुरून आम्ही घरात आलो. मला वाटलं, संपलं, आता मरेपर्यंत भिंतीकडे बघायचं. तर हा टोपीसुद्धा न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला. म्हणाला, डेला, आता तुझ्याशीच बोलावं लागणार. कुठून सुरुवात करू?”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, आधी बस तरी. मग जो सुरू झाला तो थांबेचना. वर्षभर बोलत होता गं.” आणि दफनात डोळ्यांतून टिपूस न काढलेली डेला माझ्या झाकणावर डोकं टेकून रडली.

जरा वेळाने आर्डिसने विचारलं, हे लिहू का?

“लिही. आणि नावं बदलू नकोस. आमचा अबोला सगळ्या गावाला माहीत आहे. हे शेवटचं वर्ष फक्त मलाच माहीत आहे.”

आता माझं झाकण नीट बसत नाही, लॉयडने पट्टा बांधलाय. मोटर मात्र ठणठणीत आहे. लिहिणाऱ्यांना एवढंच सांगतो, माणसांवर खुशाल लिहा, पण शेवट त्यांना विचारून घ्या. डेलाही जाऊन आता बरेच हिवाळे झाले. क्लिफर्डचं ते वर्ष आर्डिसच्या गोष्टींच्या पुस्तकात आहे, आणि गावात ते सगळ्यांना माहीत आहे.