ताकदीची गोळी

राजेश्रीची पिशवी काढली, सोबत अंडाशयंही गेली, तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. मग अंगाची नुसती भट्टी व्हायला लागली. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोनची गोळी दिली आणि बजावलं, "बीपी वाढलं तर ही गोळी आधी डॉक्टरला दाखवायची." घरी सासूनं विचारलं, तेव्हा लाजेनं तिच्या तोंडून निघून गेलं, "ताकदीची हाय."

आता बीपी वाढलं होतं, दोनदा गोळी वाढवूनही उतरत नव्हतं, आणि वालूरच्या दवाखान्यातला डॉक्टर सिद्धोधन म्हणजे नवऱ्याचा सख्खा भाचा. गोळ्यांचं पाकीट पदराच्या गाठीत बांधून ती मनाचा हिय्या करून आली होती.

तिच्या दंडाला पट्टा बांधत त्यानं विचारलं, "मामी, दुसरी कुठली गोळी चालू हाय का?"

तिनं तोंड उघडेपर्यंत शेजारी बसलेला तिचा नवरा बन्सीधर बोलूनही गेला. दवाखान्यात बायकोचं दुखणं नवऱ्यानं सांगायचं, अशी त्यांची रीत. "न्हाई. ताकदीची एक घेती तेवढी."

"ती चालू द्या."

"तसं न्हाई," राजेश्री म्हणाली.

"पट्टा हाय तवर बोलू नका मामी. आकडा चुकतो."

तिनं पदराची गाठ मुठीत धरली. आकडा एकशे सत्तर आला. बीपीची गोळी तिसऱ्यांदा वाढली. बन्सीधर चिठ्ठी घेऊन उठला, म्हणून तीही उठली.

"मामी, मनात काही ठेवत जाऊ नका," सिद्धोधन मायेनं म्हणाला. "त्यानं बीपी वाढतंय."

संध्याकाळी बन्सीधरनं आपल्या हातानं पाणी आणलं, लग्नानंतर पहिल्यांदाच. तळहातावर दोन गोळ्या होत्या, एक बीपीची आणि एक तिनं परत फळीवर ठेवलेल्या पाकिटातली.

"आधी ताकदीची घे," तो म्हणाला. "लय खचलीस."

तिनं घेतली.