कपाटासारखं खुराडं

संध्याकाळ झाली की कोंबडीला घरी बोलवावं लागत नाही. उजेड उतरला की तिची पावलं आपसूक खुराड्याकडे वळतात. त्या संध्याकाळी आमच्या सगळ्याजणी वळल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. पुढे हेडबाई, म्हणजे कळपातली सगळ्यांत जुनी, करड्या रंगाची, चालताना मान वळवून मागच्यांवर नजर ठेवणारी. तिने आत डोकावलं, मागे फिरली आणि धुण्याच्या दगडावर जाऊन बसली. तिच्या मागोमाग बाकीच्या.

"काय गं, पायघड्या घालू का?" आई म्हणाली.

तिने एकेकीला उचलून आत ठेवलं. शेवटची आत जाईपर्यंत पहिली बाहेर आली होती.

खुराडं बाबांनी बांधलेलं. बाबा सुतार, त्यातही कपाटं करणारे. दुकान बंद केल्यावर, आजारपणाच्या वर्षात, त्यांनी हे शेवटचं काम केलं. त्याआधी कोंबड्या पत्र्याच्या एका खोक्यात राहायच्या. बाबांनी खुराडंही कपाटासारखंच बांधलं, कारण दुसऱ्या तऱ्हेने बांधणं त्यांना जमतच नसे. एकही खिळा नाही. एका फळीचं टोक दुसरीच्या खाचेत बसवायचं आणि सांध्यातून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. "खिळा हा घाईतल्या माणसाचा सांधा," असं ते म्हणत. थंडी लागू नये म्हणून भिंती दुहेरी, मध्ये बोटभर पोकळी. दाराला पट्ट्यांची नक्षी. अंडी घालायचे कप्पे एका मापाचे, बसायच्या दांड्या रंधा मारून गोल केलेल्या. शेजारच्या घरात राहणारी आत्या, बाबांची धाकटी बहीण, बघायला आली तेव्हा म्हणाली होती, "दादा, मला करून दिलेल्या कपाटापेक्षा हे चांगलं झालंय." बाबा म्हणाले, "तुझं केलं तेव्हा मी शिकत होतो."

ते गेल्यावर मी रजा काढून आईकडे राहिले होते. ती रजा आता संपत आली होती. मी गेल्यानंतर या घरात आईला सकाळी उठायला लावणारं कुणी असेल तर त्या कोंबड्याच, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

कोंबड्यांचे तुरे आधीपासूनच फिके पडत होते. अंडी कमी झाली होती. मग एका सकाळी घुमी, जी कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, ती कप्प्यात बसल्या जागी मरून पडलेली सापडली. हातात घेतली तर नुसती पिसं. आईने तिला परसात पुरलं, हात धुतले आणि मला म्हणाली, "डॉक्टरांना बोलव. एक गेली, ती गेली."

जनावरांच्या डॉक्टर तरुण होत्या, स्कूटरवर आल्या. त्यांनी हेडबाईला काखेत धरलं, डोळे पाहिले, शेपटीखालची पिसं फुंकून कातडी पाहिली, जमिनीवरची ताजी शीट डबीत घेतली.

"जंताचं औषध शेवटचं कधी दिलंत?"

"कोंबड्यांना?" आई म्हणाली.

"कोंबड्यांनाच. तुम्ही घेता ना अधूनमधून?"

"मी नाही घेत."

"मग तुम्हीही घ्या," डॉक्टर म्हणाल्या आणि डबीचं झाकण लावलं.

तपासणीत जंत निघाले, भरपूर. मोरीचं पाणी अंगणाच्या ज्या कोपऱ्यात मुरायचं, तिथेच कोंबड्या दिवसभर उकरत बसायच्या, आणि ओल्या मातीत जंतांची अंडी टिकून राहतात. आम्ही मोरीला पन्हळ लावून पाणी बाहेर काढलं, तो कोपरा जाळी लावून बंद केला, औषध पाण्यात मिसळलं. डॉक्टर सांगतील तोवर अंडी खायची नव्हती. आत्याचा रोजचा रतीब तुटला.

"मग तोवर मी काय खाऊ, वहिनी?"

"बोलणी खा, वन्सं. ती रोज ताजी मिळतील."

जंतांचं काम मार्गी लागलं. दुसरं काम मात्र तसं नव्हतं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी पांढऱ्या कागदाचा तुकडा दांडीच्या खालच्या बाजूने फिरवला होता आणि आम्हाला दाखवला होता. त्यावर तांबड्या रेघा उठल्या होत्या.

"हे तुमच्या कोंबड्यांचं रक्त आहे," त्या म्हणाल्या. "माइट. खसखशीएवढे किडे. दिवसा फटीत लपतात, अंधार पडला की बाहेर येऊन रक्त पितात आणि परत फटीत जातात. कोंबडीच्या अंगावर दिवसा काही दिसत नाही. म्हणून तर त्या आत जात नाहीत. तुम्ही तरी गेला असतात का?"

मग त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं. आत पोकळ आवाज आला.

"हे कुणी बांधलं?"

"ह्यांनी," आई म्हणाली.

डॉक्टरांनी दारावरच्या पट्ट्यांवरून हात फिरवला. "फार सुंदर आहे. पण हे खुराडं नाही, कपाट आहे. जितके सांधे तितकी माइटची बिऱ्हाडं. दुहेरी भिंतीत तर त्यांचं गावच वसलंय. वरून हवा जायलाही जागा नाही. कोंबड्यांना साधं, उघडं, खसाखसा धुता येईल असं लागतं. मला विचाराल तर हे मोडा."

"मोडायचं नाही," मी म्हणाले. सांगितलं आईला होतं.

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे बघत होती. मग डॉक्टरांनी फवारायचं औषध लिहून दिलं आणि सांगितलं की माइटच्या अंड्यांतून नवे किडे निघतात, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारा. पण दोन फळ्यांच्या मध्ये ते पोचेल याची खात्री त्या देणार नाहीत.

मी कामाला लागले. दांड्या काढून उकळतं पाणी ओतलं. चित्रकाराच्या बारीक कुंचल्याने एकेका सांध्यात औषध भरलं. मोठी सिरिंज आणून खुंट्यांच्या कडेने आत सोडलं. कप्प्यांतला भुसा जाळला, नवा घातला, त्यात राख मिसळली. जुन्या चादरीचे पांढरे तुकडे आईने फाडून ठेवले होते, रोज सकाळी ती एक तुकडा दांडीखालून फिरवायची आणि पाहुणे आल्याची वर्दी द्यावी तसं सांगायची, "आलेत तांबडे." एक-दोन दिवस तुकडा पांढरा निघाला, तेव्हा तिने तो मला दाखवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा रेघा.

कोंबड्या धुण्याच्या दगडावर झोपत होत्या. शेजारचं मांजर भिंतीवर येऊन बसायला लागलं, म्हणून आम्ही त्यांना अंधार पडला की न्हाणीघरात कोंडायचो. सकाळी आंघोळीआधी आईला फरशी खरवडावी लागे. बाकीच्या हळूहळू सावरत होत्या. हेडबाई सावरेना. औषध फवारलंय म्हणून तुकडा पांढरा निघाला त्यातल्या एका दिवशी मी तिला हाताने खुराड्यात ठेवलं होतं, आणि दुसऱ्या सकाळी तिला उभं राहता येत नव्हतं. आईने तिला टोपलीत घालून स्वयंपाकघरात आणलं. तिचा तुरा धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखा दिसत होता. आई तिला बोटाने दाणे भरवायची आणि तिच्याशी बाबांच्या आवाजात बोलायची. "खा, खा. फुकट नाही मिळत."

आत्या कुंपणापाशी उभी राहून माझी सिरिंज बघत होती. "बापाची खरी लेक," ती म्हणाली. "त्यालाही कुणी चूक दाखवली की तो आणखी एक खुंटी मारायचा."

"वन्सं, तुम्ही मदत करणार का तोंड चालवणार?"

"तोंडाचीच मदत करतेय. हातांना संधिवात आहे."

त्या दुपारी मी खुराड्याच्या तळाशी पालथी पडून मागच्या सांध्यात औषध सोडत होते. आई चहा घेऊन आली. कप जमिनीवर ठेवला आणि उकिडवी बसली. तिच्या गुडघ्यांना तसं बसणं झेपत नाही.

"किती दिवस करणार हे?"

"कमी होतायत."

"आणि तू गेल्यावर? मी अशी पालथी पडले तर मला उठवायला वन्सं येणार. मग आम्हा दोघींना उठवायला कोण येणार?"

मी सिरिंज भरत राहिले.

"तुला वाटतंय, त्यांना वाईट वाटेल," आई म्हणाली.

"हो."

"वाटलं असतं. दोन दिवस जेवताना बोलले नसते. तिसऱ्या दिवशी स्वतःच ठोकणी घेऊन आले असते आणि माझ्यावर उपकार केल्यासारखं सगळं उपसून ठेवलं असतं. मी म्हटलं असतं, माझा पत्र्याचा खोकाच बरा होता. की झालं भांडण. चांगलं आठवडाभर पुरलं असतं." तिने चहाचा कप माझ्या बाजूला सरकवला. "मला ते भांडण हवंय गं. ते आता काही मिळत नाही. निदान कोंबड्या तरी राहू देत."

चहावर साय धरली होती. मी तो तसाच प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांची लाकडी ठोकणी घेतली. खुंट्यांनी जोडलेली वस्तू ज्या क्रमाने बांधली त्याच्या उलट्या क्रमानेच सुटते. शेवटी ठोकलेली खुंटी आधी काढावी लागते. म्हणजे पहिलं छप्पर. ठोकणी नुसती टेकवली आणि खुंटी पलीकडे पडली. मला वाटलं लाकूड आकसलं असेल. दुसरीही तशीच पडली. सांधा उघडला, तर फळीचं टोक खाचेत सैल होतं, आणि उरलेली जागा मेण आणि भुशाने लिंपून वरून इतकी घासली होती की बाहेरून कुणाला कळू नये. मेण वाळून तडकलं होतं. आत किडे होते, करडे आणि तांबडे, गच्च, हलणारे.

मग दार सुटं केलं. एका पट्टीवर करवतीची एक रेघ होती आणि तिच्या शेजारी दुसरी. पहिल्यांदा चुकून पुन्हा कापलेली. बाबांच्या कामात मी अशी रेघ कधी पाहिली नव्हती. ते छप्पर आणि दार करत होते तेव्हा मी सुट्टीवर आले होते. ते आमच्याकडे पाठ करून काम करत होते आणि मला सारखे काही ना काही आणायला पाठवत होते.

भिंतींचे सांधे त्यापेक्षा बरे होते. कप्प्यांचे आणखी बरे. उकळतं पाणी ओतत, फळ्या बाजूला रचत मी खाली खाली जात होते, आणि प्रत्येक थराला बाबांचा हात स्थिर होत चालला होता. शेवटी तळाची चौकट आणि चार पाय उरले. तिथली खुंटी हलेना. मी जोराने मारली, तरी हलेना. आई चादरीचा तुकडा घेऊन आली आणि सगळ्या सांध्यांवरून फिरवला. तुकडा पांढरा राहिला. त्या सांध्यात किडा शिरायला जागाच नव्हती.

"हात थरथरत होते त्यांचे," मी म्हणाले. "आणि त्यांनी आपल्याला कळू दिलं नाही."

"तुला," आई म्हणाली. "मेण कोण आणून देत होतं?"

ती तुकडा घडी घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरीला सांगू नकोस म्हणाले. मग नाही सांगितलं."

फळ्या वाळल्यावर आम्ही परसात जाळल्या. त्या चांगल्या जळल्या, धूर न होता. आत्या आली आणि दाराच्या नक्षीची पट्टी बघून हळहळली. "ही एक तरी मला दे."

"न्या," आई म्हणाली. "आणि कपाटात ठेवा. मग तुम्हालाच खाज सुटेल."

आत्याने हात मागे घेतला. पण ती पट्टी आगीत जाईपर्यंत तिथेच उभी राहिली, आणि गेल्यावर पदर तोंडाला लावून घरी गेली.

तळाची चौकट आम्ही ठेवली. ती कोरड्या कोपऱ्यात नेली आणि तिच्यावर मी नवं खुराडं उभं केलं. तीन बाजूंना जाळी, वाऱ्याच्या बाजूला एक पत्रा, वर दुसरा पत्रा आणि त्याच्याखाली वीतभर मोकळी जागा. दांड्यांऐवजी लोखंडी नळ्या, उचलून धुता येतील अशा. मला खुंटी करता येत नाही. मी खिळे वापरले.

"वाकला," आई म्हणाली.

"दिसतंय मला."

"काढ मग. दार लागणार नाही."

"लागेल. जरा उचलून ओढायचं."

"रोज दोन वेळा उचलून ओढू? माझे खांदे काय भाड्याने आणलेत?"

"मग तू मार खिळा."

"मी मारला असता तर सरळ बसला असता. दार उलट्या बाजूने लावलंयस, ते आधी बघ. इकडे उघडलं तर मला जागा कुठे राहते? टोपली घेऊन आत कशी वाकू?"

"सकाळपासून समोर बसली आहेस, तेव्हा सांगता आलं नाही?"

"तू कुणाचं ऐकतेस का?"

मी हातोडी खाली ठेवली. ती म्हणाली, बिजागऱ्या काढ. मी म्हणाले, काढणार नाही. ती म्हणाली, हे असलं काम करायचं तर पत्र्याचा खोका काय वाईट होता. मी म्हणाले, तो भंगारात घातला कुणी? तिचा आवाज चढला होता, गाल लाल झाले होते. कुंपणापलीकडून आत्या ओरडली, "अगं काय झालं?" आणि आम्ही दोघी एकदम म्हणालो, "काही नाही."

तेव्हा कुठे ध्यानात आलं की अंगणात कोंबड्या नाहीत. उजेड उतरला होता आणि त्या आमच्या पायांमधून एकेक करून वर गेल्या होत्या. नळ्यांवर खेटून बसल्या होत्या, काहींचे डोळे मिटलेही होते. आई घरात गेली, हेडबाईला टोपलीतून घेऊन आली आणि तिला सगळ्यांत खालच्या नळीवर, दोघींच्या मध्ये बसवलं. ती डगमगली, नखं घट्ट केली आणि तशीच बसून राहिली. तुरा अजून फिकाच होता.

आईने दार ओढलं. ते लागलं नाही. तिने ते जरा उचललं, पुन्हा ओढलं आणि कडी घातली.

"उद्या बिजागऱ्या काढायच्या," ती म्हणाली.