डब्या कोण बदलतंय

फेब्रुवारी संपत आला तेव्हा जना ठोंबरेला पहिल्यांदा वाटलं, की वॉर्डातल्या बेडक्याच्या डब्या कुणीतरी बदलतंय.

जना भिसेगावची. कर्जतबाहेर, कोंडाणे लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला एका संस्थेचा क्षयाचा दवाखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेत ती नऊ वर्षं काम करत होती. साल एकोणीसशे शहात्तर. रोग्यांनी खोकून काढलेला बेडका काचेच्या पट्टीवर पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि त्यात क्षयाचे जंतू आहेत का, किती आहेत, ते डॉक्टरांना कळवायचं, हे तिचं काम. पूर्वी ती हे साध्या मायक्रोस्कोपवर करायची, खिडकीशी बसून, उन्हाच्या उजेडात. दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या कुठल्याशा मंडळाने दवाखान्याला नवा मायक्रोस्कोप दिला. त्याला पाऱ्याचा दिवा होता. त्याचा निळा-जांभळा प्रकाश पट्टीवर पडला, की औषधात रंगवलेले जंतू काळ्या अंधारात पिवळे चमकायचे. जिथे एका पट्टीला दहा मिनिटं लागायची तिथे दोन मिनिटांत काम होऊ लागलं.

दिवा मात्र फार जपावा लागे. लावल्यावर दहा मिनिटं थांबायचं. अर्ध्या तासाच्या आत विझवायचा नाही, आणि विझवला की पुरता गार होईपर्यंत पुन्हा लावायचा नाही. गरम असताना त्याची पेटी उघडायची नाही, कारण आत एवढा दाब, की काच फुटून तोंडावर यायची. नव्या दिव्याला बोट लावायचं नाही. जना हे सगळं काटेकोर पाळायची. काळा पडदा ओढलेल्या त्या कोंदट खोलीत ती दुसऱ्या कुणाला पाऊलही टाकू देत नसे.

मोठे डॉक्टर सबनीस त्या दिवसांत खुशीत होते. नवीन गोळ्या लागू पडत होत्या. एकामागून एक रोग्यांचे निकाल निगेटिव्ह येत होते, आणि तीनदा निगेटिव्ह आला की रोग्याला घरी पाठवायचं असा नियम होता.

"तुमच्या पट्ट्या बघून बरं वाटतं, ठोंबरे," ते म्हणाले.

जनाला बरं वाटत नव्हतं. सोनुबाई नावाची रोगी जानेवारीत भरभरून जंतू टाकत होती, ती पाच आठवड्यांत कोरी झाली. बरं, सगळेच कोरे झाले असते तर गोष्ट वेगळी. तसं नव्हतं. ज्यांना रोग जोरात होता त्यांच्या पट्ट्यांत जंतू दिसत होते. ज्यांना थोडा उरला होता, म्हणजे जे घरी जायच्या बेताला आले होते, त्यांचे जंतू मात्र दिसेनासे झाले होते. घरी जायची घाई त्यांनाच होती. दुसऱ्याचा साफ बेडका आपल्या डबीत घातला की काम झालं.

आणि डब्या आणायचं काम आबाजीकडे होतं.

आबाजी वॉर्डातला जुना नोकर, सगळे त्याला मामा म्हणत. पन्नाशी उलटलेला, चौक गावचा. त्याचा सख्खा भाचा गोमा तीन महिने पुरुषांच्या वॉर्डात होता. चौकला हमरस्त्यावरच्या गॅरेजात तो कामाला होता, घरी बायको आणि दोन वर्षांची पोर. फेब्रुवारीच्या मध्याला त्याचे तीन निकाल ओळीने निगेटिव्ह आले आणि तो घरी गेला. आबाजीने त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले होते. जनानेही एक खाल्ला होता. आता तोच पेढा तिला आठवत राहिला.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. ती लक्ष ठेवू लागली. सकाळी आबाजी ट्रे घेऊन वॉर्डातून निघाला, की ती खिडकीच्या फटीतून बघायची. तो किती वेळ लावतो, कुठे थांबतो, कुणाशी बोलतो. दोन दिवस काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या मागे त्याने ट्रे दगडावर टेकला, एका डबीचं झाकण काढलं, आत बघितलं आणि डबी फिनेलच्या पिंपात ओतली. मग ती डबी घेऊन तो परत वॉर्डात गेला. थोड्या वेळाने आला तेव्हा डबी भरलेली होती.

तो ट्रे घेऊन दाराशी आला तेव्हा जना उभीच होती.

"मामा, मघाशी तुम्ही एक डबी ओतलीत."

"ओतली की. नुसती थुंकी व्हती, बाई. पान्यासारखी. त्यात तुमाला काय गावनार? परत खोकायला लावलं."

"कोणाची डबी?"

"नामाची."

"हे तुम्ही रोज करता?"

"थुंकी असंल तवा करतो. धा वर्सं करतोय." त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "तुमाला काय वाटलं?"

 त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि त्यामुळेच तिचा संशय वाढला. माणूस इतकं सरळ उत्तर तयार ठेवतो कशाला? दुपारी ती डॉक्टरांकडे गेली आणि बघितलेलं सांगितलं. गोमा आबाजीचा भाचा आहे, हेही सांगितलं. ते सांगायची तशी गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आबाजीची नेमणूक फाटकावर झाली. कुणी त्याला कारण सांगितलं नाही, पण आठ दिवसांत सगळ्या दवाखान्याला ते ठाऊक झालं. जना सकाळी आत येताना तो उठून फाटक उघडायचा आणि तोंड दुसरीकडे करायचा.

आता डब्या जना स्वतः गोळा करू लागली. प्रत्येकाच्या समोर उभी राहून. "बाय आमाला चोर समजते," असं बायकांच्या वॉर्डात कुणीतरी म्हटलेलं तिने ऐकलं. तिने मनावर घेतलं नाही. डोंगरावरच्या ठाकूरवाडीतली कोंडी म्हणून एक रोगी होती, हडकुळी, जेमतेम तिशीची. तिला खोकल्याची मोठी उबळ आली. जनाने डबी तिच्या तोंडाशी धरली. घट्ट, पिवळा बेडका पडला. जनाने झाकण लावलं, डबी हातातून खाली न ठेवता प्रयोगशाळेत आणली, पट्टी केली, रंगवली आणि पडदा ओढून बसली.

काही नाही. काळोख, आणि त्यात हिरवट धूर पसरल्यासारखं काहीतरी.

तिने पट्टी इंच इंच सरकवून बघितली. जंतू नव्हते. आणि ही डबी कुणीही बदललेली नव्हती.

 जनाने उठून कोंडीच्या डबीतूनच दुसरी पट्टी केली आणि ती जुन्या पद्धतीने, लाल रंगाने रंगवली. कपाटावरचा साधा मायक्रोस्कोप खाली काढला, धूळ पुसली आणि खिडकीत ठेवून त्याचा आरसा उन्हाकडे वळवला. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या होत्या. एका जागी तीन, पुढे दोन, पुढे पाच.

पहिला संशय तिने पट्टी रंगवायच्या पिवळ्या औषधावर घेतला. नवीन औषध कालवलं, पुन्हा रंगवलं. फरक नाही. मग विजेवर. पण दिव्याच्या पेटीवरचा काटा जिथे हवा तिथेच होता. तास मोजणाऱ्या चकतीवर एकसष्ट तास झाले होते, म्हणजे दिवाही म्हातारा झालेला नव्हता. जानेवारीत तिनेच तो बदलला होता.

तो दिवस तिला आठवला. त्या दुपारी मुंबईहून संस्थेची माणसं पाहणीला यायची होती. जुना दिवा दोनशे तासांच्या वर गेला होता, इतका मंद, की ती डोळे ताणून काम करत होती. तिने घाईने नवा बसवला, स्क्रू आवळले, पेटी बंद केली. लावला तर लख्ख उजेड. जुन्याच्या मानाने भरदुपार वाटली. दिवा बदलल्यावर त्याची ठिणगी, म्हणजे जिथून उजेड निघतो तो ठिपका, बरोबर मधोमध आणावी लागते. ते काम अर्ध्या तासाचं. उजेड तर आहे, म्हणून तिने ते नंतरवर टाकलं होतं. नंतर ते राहून गेलं.

तिने पट्टीवरचं भिंग काढून घेतलं, खाली पांढरा कागद ठेवला आणि प्रकाश कमी करून कागदावर पाडला. तिथे उजेडाचे दोन ठिपके दिसायला हवे होते. एक ठिणगीचा आणि दुसरा पेटीत ठिणगीच्या मागे असलेल्या आरशातून उलट आलेला. एकच होता, तोही कडेला कलंडलेला. दुसऱ्याचा पत्ता नव्हता. दिवा बसवताना आरसा बाजूला सरकला होता. अर्धा प्रकाश वायाच जात होता आणि उरलेला पट्टीच्या एका अंगाला पडत होता. भरपूर जंतू असले तर तेवढ्यातही दिसायचे. थोडे असले की नाही.

पेटीच्या बाहेरचे स्क्रू एकेक करून फिरवायचे होते.  दुसरा ठिपका हळूच कडेने आत आला. तिने तो पहिल्याच्या शेजारी आणला, मग दोन्ही मधोमध घेतले आणि पुढचं भिंग फिरवून उजेड सगळीकडे सारखा पसरवला. मग कोंडीची पट्टी पुन्हा खाली घातली.

पिवळ्या काड्या चमकत होत्या. थोड्याच, पण स्पष्ट.

सबनीसांनी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"ठोंबरे," ते शेवटी म्हणाले, "मग गेल्या दोन महिन्यांतलं तुमचं काय खरं धरायचं?"

"निगेटिव्ह लिहिलेलं काहीच नको."

"आणि आजचं?"

"तेही दुसऱ्याने बघावं, असं मला वाटतं."

त्यांनी तिला बस म्हटलं नाही. जुन्या पट्ट्या टाकलेल्या नव्हत्या, एवढं बरं होतं. निगेटिव्ह लिहिलेल्या त्रेचाळीस पट्ट्या तिने लाल रंगाने पुन्हा रंगवल्या. प्रत्येक पट्टी तिने बघितल्यावर सबनीस स्वतः बघत. हे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. चार दिवस लागले. चौदा रोग्यांच्या पट्ट्यांत जंतू निघाले. त्यांतले सहा जण घरी गेले होते. तिसरं नाव गोमाचं होतं.

जना फाटकावर गेली. आबाजी उठून उभा राहिला.

"मामा, डब्या कुणी बदलल्या नव्हत्या. माझ्याच दिव्यात दोष होता. चूक माझी."

"मला काय सांगता? डाक्तरास्नी सांगितलंत तवा मी हितं आलो. त्यांनाच सांगा."

"त्यांना सांगितलं. तुम्ही उद्यापासून वॉर्डात या."

आबाजी फाटक लावायला वळला. मग त्याचा चेहरा बदलला. "म्हंजे जे घरी गेले ते..."

"सहा जण. गोमाही."

"कशावरनं? आदी नाय म्हनलात, आता हाय म्हनता."

 जना त्याला प्रयोगशाळेत घेऊन गेली, खिडकीतल्या साध्या मायक्रोस्कोपखाली गोमाची पट्टी लावली आणि स्टूल पुढे केलं. इतक्या वर्षांत आबाजी त्या स्टुलावर कधी बसला नव्हता. सुरुवातीला त्याला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग तो एकदम स्थिर झाला. जना पट्टी थोडी थोडी सरकवत गेली, तो बघत राहिला, आणि त्याचे ओठ मोजल्यासारखे हलत होते.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीने चौकला गेली.  गॅरेजात गोमा एका ट्रकखाली झोपून काम करत होता. मामाला बघून तो हसत बाहेर आला, जनाला बघून हसू थांबलं.

जनाने त्याला सगळं सांगितलं, दिव्याचंही. तो ऐकत हात पुसत राहिला.

"बाई, बरा झाल्याचा कागद तुमीच दिलात," तो म्हणाला. "मालकाला दावला तवा त्यानं कामावर घेतलं. आता परत आजारी म्हनून सांगू? मला खोकला नाय, काय नाय. आनि ह्या टायमाला तुमचं खरं, ह्याचा काय भरवसा?"

"नाही भरवसा," जना म्हणाली. "म्हणून तर परत तपासायचंय."

गोमाने मामाकडे बघितलं. जनाला वाटलं, आबाजी आता काहीतरी लागट बोलेल. तिने त्याची तयारीही ठेवली होती.

"मी हिच्या सांगन्यावरनं आलो नाय," आबाजी म्हणाला. "तुझी पट्टी मी माज्या डोळ्यानं बघितली. निळ्यात लाल काड्या. सतरा मोजल्या, मग डोळ्याला पानी आलं. पोरीला कडेवर घेतोस ना रं तू?"

गोमाचा हात फडक्यातच राहिला.  मालक कुठे आहे ते बघायला तो मागच्या बाजूला गेला. जना आणि आबाजी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पुण्याकडचे ट्रक धूळ उडवत जात होते.

तो त्या दिवशी त्यांच्याबरोबर आला नाही. बाकीच्या पाचांपैकी चौघं आठवड्याभरात परत आले. पदू म्हणून एक जण वीटभट्टीच्या कामाला कुठेतरी लांब गेला होता. जना त्याच्या वाडीवर दोनदा जाऊन आली, पण भट्टीचा ठावठिकाणा कुणाला सांगता आला नाही. गोमा पाचव्या दिवशी आला, बायकोला आणि पोरीला घेऊन. सबनीसांनी पोरीला तपासलं, तिची छाती साफ होती. तरी खबरदारी म्हणून तिला गोळ्या सुरू केल्या.

गोमाची डबी आबाजीनेच आणून दिली. जनाने पट्टी रंगवायला घेतली तेव्हा गोमाची बायको दाराशी येऊन उभी राहिली. पोर तिच्या खांद्यावर झोपली होती.

"कोन बघनार ही?" तिने विचारलं.

"मी. आणि माझ्यानंतर डॉक्टर."

"दोगं?"

"दोघं."

ती उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून बसली. या खोलीच्या आसपास बाहेरचं कुणी थांबलेलं जनाला चालत नसे. आज तिने चालवून घेतलं. दिवा लावून तिने दहा मिनिटं जाऊ दिली, कागदावर दोन्ही ठिपके बघितले, मग पट्टी लावली. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं, कागदावर जनाच्या 'जंतू आहेत' या शेऱ्याखाली सही केली आणि ते गेले. तोवर गोमाची बायको तिथेच बसून होती, आणि दोघांचं म्हणणं सारखं आलं का, हे तिने आबाजीला विचारलं, त्याने हो म्हटलं, मगच ती उठली.