आधी वजनं, मग पळणं

"आधी पळायचं का आधी वजनं उचलायची, तेवढं सांग मले," नरहरराव म्हणाले. "एवढं वाचतं तू, काही तं घरच्याच्या कामी येऊ दे."

क्षमाने तपासायच्या वह्या बाजूला सारल्या. बाबा तीस वर्षांपासून मालगाडीचे लोको पायलट. गेल्या आठवड्यात मेडिकलला डॉक्टरांनी त्यांना लाइनवरून उतरवलं होतं. सहा आठवड्यांत आठ किलो वजन कमी करा, मग बघू. तोवर लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर जिथे ड्यूटीची सही करतात तिथे, खुर्चीत बसून राहायचं. बाहेर जाणारे हसून विचारायचे, "क्या नरहर भैया, बाबू बन गए?" ते हसायचे, आणि घरी येऊन जेवायचे नाहीत.

दोन संध्याकाळी खपून तिने वाचलं. "आधी वजनं. दमल्यावर वजनं उचलली तर ताकद लागत नाही, मांस झडतं अन् चरबी तशीच राहते. वजनं झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं पळा. अन् आठवड्यात दोन दिवस सुट्टी."

नरहररावांनी जुन्या कॉशन ऑर्डरच्या पाठीवर लिहून घेतलं. गाडी कुठे हळू न्यायची, ते लिहिलेले असे कागद घरात चिक्कार होते. आधी वजनं. मग पळणं. पेन खिशाला लावलं. सुट्टीचं लिहिलं नाही. क्षमाने ते पाहिलं.

"बाबा, पन्नाशीनंतर आधी छाती तपासून घ्या म्हणून सगळीकडे लिहिलं आहे."

"तपासलं की कागदावर येते. कागदावर आलं की गाडी गेली. मग काय, जलमभर खुर्ची?" ते चपला शोधू लागले. "आईजवळ बोलू नको."

ती बोलली नाही.

शहर राजधानी झाल्यापासून त्यांच्या गुढियारी मोहल्ल्यातही गल्लोगल्ली जिम निघाल्या होत्या. भैय्यालालची जुनी. तो स्वतः एके काळचा पहलवान, पोट सुटलेला. त्यानेही तेच सांगितलं, "पहले वजन, बाद में दौड़. उल्टा नहीं." नरहरराव सातही दिवस जाऊ लागले. पळण्याच्या पट्ट्यावर चढले की आपोआप हात वर करून सिग्नल पुकारायचे. इंजिनात एकाने रंग पुकारायचा आणि सहायकाने तोच परत म्हणायचा, ही तीस वर्षांची सवय. क्षमा लहान असताना स्कूटरवर मागे बसून तीच सहायक असायची. "डबल यलो म्हणजे सावकाश," ते शिकवायचे. "यलो म्हणजे थांबायच्या तयारीत राहा. अन् जबाब देल्ल्याशिवाय राहू नको. जबाब नाही आला तं मले कसं समजन, तू जागी हायेस का?"

चौथ्या आठवड्यात डावा हात दुखू लागला.

"डंबेलनं भरून आला," ते म्हणाले. क्षमाने बाम चोळला. हात थंड आणि ओलसर होता, पंखा सुरू असूनही. "उजवा काहून नाही दुखत मग?" तिने विचारलं.

"डावा कमजोर असते माणसाचा."

बामच्या दोन डब्या संपल्या.

सोमवारी मेडिकल होतं. शनिवारी सकाळी हाताने हँडल धरवेना म्हणून क्षमाच त्यांना स्कूटरवर जिमला घेऊन गेली. काट्यावर साडेएक्याऐंशी. दीड किलो राहिलं होतं.

"हाथ दुख रहा है तो आज घर जाओ, भैया," भैय्यालाल म्हणाला.

"वजन नाही उचलत. नुसता पळतो."

क्षमा दाराजवळच्या बाकावर बसली. पट्टा सुरू झाला.

"ग्रीन," त्यांनी हात वर केला.

"ग्रीन," ती हसून म्हणाली. भैय्यालालही हसला.

दहा मिनिटं नुसती पावलं वाजत होती. मग, "डबल यलो."

"डबल यलो."

बनियन पाठीला चिकटलं होतं. मानेचा रंग तिला बरा वाटेना. ती उठली.

"यलो," ते म्हणाले. यावेळी हात वर गेला नाही. बोट बटणावर होतं. एकेक आकडा खाली येत होता, सात, सहा, पाच, भरलेली गाडी आणावी तशा बेताने. पट्टा थांबला. मग ते खाली उतरले, पट्ट्याच्या कडेला बसले आणि टॉवेल मांडीवर घेतला.

"रेड," ते म्हणाले.

क्षमा धावत पोचली. जबाब तिच्या तोंडातच राहिला.

नरहरराव गेल्यावर बरेच दिवस भैय्यालाल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "लोग चलती मशीन से गिरते हैं. नरहर भैया ने पहले गाड़ी खड़ी की, फिर बैठे."

मेडिकलच्या त्या सोमवारी आईने धुवायला काढलेल्या शर्टाच्या खिशात क्षमाला तो कागद सापडला. घामाने घड्या मऊ झाल्या होत्या. आधी वजनं. मग पळणं. त्याखाली तिसऱ्या ओळीची जागा कोरी होती. तिने कागद होता तसा घडी करून परत खिशात ठेवला आणि शर्ट बादलीत न टाकता दोरीवर टांगून ठेवला.