स्कोअर न विचारता

व्हर्ना प्रुइटने आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नव्हता, आणि याचा तिला भलताच तोरा होता. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात शाळेची बस चालवून तिने एक दुमजली घर घेतलं. खाली स्वतः राहायची, वरचा मजला भाड्याने द्यायची. भाडेकरू निवडताना नियम एकच: क्रेडिट स्कोअर साडेसहाशेच्या खाली असला की रामराम. रडगाणी ती ऐकूनच घेत नसे.

शेजारचे म्हातारे नोविकी मुलीकडे राहायला निघाले आणि त्यांचं तसंच दुमजली घर विक्रीला आलं. व्हर्नाने ते घ्यायचंच ठरवलं. बस आता फार वर्षं चालवता येणार नव्हती. म्हातारपणी त्या भाड्याचाच आधार होता. कर्ज मागण्याआधी आपली पत अगदी लख्ख दिसावी म्हणून तिने एक शहाणपणा केला. एका जुन्या क्रेडिट कार्डावर दमडीचंही देणं नव्हतं, ते बंदच करून टाकलं. बँकवाले खूश होतील अशी तिची समजूत.

बँकेतल्या मुलीने स्क्रीनकडे पाहून सुस्कारा सोडला. "जुनं कार्ड का हो बंद केलंत?"

"मग काय झालं? देणं नव्हतं त्याच्यावर!"

"म्हणूनच ठेवायचं होतं. त्याची उधारीची मर्यादा मोठी होती, ती गेली. आता दुसऱ्या कार्डावरचा तुमचा खर्च डोईजड दिसतोय. स्कोअर घसरला. भाड्याने द्यायच्या घराला इतक्यावर कर्ज नाही मिळत."

"मी आजवर एक हप्ता चुकवला नाही, पोरी."

"मला कळतंय, मॅडम. पण मशीनला नाही कळत."

व्हर्ना तणतणत घरी आली आणि तशीच नोविकींच्या स्वयंपाकघरात शिरली. ते पिएरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, तळत होते.

"दुसरं गिऱ्हाईक बघा, मिस्टर नोविकी. बँकेने मला हाकललं."

"बँक गेली खड्ड्यात. हप्ते मलाच दे. वकिलाकडून कागद करून घेऊ, फिटले की घर तुझ्या नावावर. माझ्या बापाने हे घर असंच घेतलं. त्याला तर इंग्रजीत धड नावही लिहिता येत नव्हतं."

"माझा स्कोअर नाही बघायचा?"

"बायको गेल्यापासून दर हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ कोण काढतंय? मी काय आंधळा आहे? खा गरम गरम."

व्हर्ना खुर्ची ओढून बसली. इतकं तिच्यासाठी कुणी केलं नव्हतं, आणि आभार मानायची तिला सवयही नव्हती. "देव तुमचं भलं करो," एवढंच ती कसंबसं म्हणाली.

"एक अट आहे. माझ्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला, लॉरेटाला, राहू द्यायचं. आणि तिचा स्कोअर विचारायचा नाही."

व्हर्नाच्या भुवया चढल्या. घर हातात आलं की आधी वरच्या बाईची तपासणी, हे तिने कधीचंच ठरवून टाकलं होतं.

"मी तुझा विचारला का?" म्हातारा म्हणाला.

कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी व्हर्ना वर गेली. लॉरेटाने दार उघडलं. मागे खोकी भरून ठेवलेली. बाईने एक कागद पुढे केला.

"पाचशे चाळीस आहे, मिस व्हर्ना. तुमचा नियम साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. नवऱ्याच्या आजारपणाची बिलं थकली हो. भाडं मात्र कधी थकवलं नाही. रविवारपर्यंत निघते मी."

आपल्या नावाची एवढी धास्ती! व्हर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागद न बघताच तिने तो उलटा करून टेबलावर ठेवला.

"मलासुद्धा बँकेने नाही म्हटलं," ती म्हणाली. हे तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला?"

"मला. कुठे जाऊ नकोस, बाई. राहा."

लॉरेटा मटकन खुर्चीत बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. व्हर्नाने कोट काढला, जवळचं खोकं उघडलं आणि त्यातल्या बशा एकेक करून पुन्हा फळीवर लावायला घेतल्या.